बोलेरो पिकअपला कंपनीचाच २१५ ठेवू का २३५ टाकू? घरात भांडणं चालूयेत

लखमापूरचा_पिकअपवाला

नमस्कार मंडळी. गाडी बोलेरो पिकअप, १.३ टनवाली, टू व्हील ड्राइव्ह, चार वर्षं झाली, ८६ हजार पळालीये. मागचे दोन टायर झिजून पार गोटा झालेत, पुढचे अजून एखादा सीझन ओढतील पण म्हटलं एकदाच चारी बदलून टाकू. कंपनीचा साइज २१५/७५ आर१५ आहे. नाशकात द्वारकेकडच्या एका दुकानात गेलो तर तो पोऱ्या म्हणे दादा २१५ कशाला घेताय, २३५/७५ आर१५ टाका एटी म्हणजे ऑल टेरेन नक्षीचे, गाडी उचलून येईल, चिखलात रुतणार नाही, दिसायला पण भारी. टायरमागे अडीच हजार जास्त सांगतोय.

आता माझा वापर सांगतो म्हणजे नीट सांगता येईल. जुलैपासून दिवाळीपर्यंत टोमॅटो, रोज पिंपळगावला. जानेवारीपासून द्राक्षं, ती आठवड्यातून दोन-तीनदा वाशीला, म्हणजे कसारा घाट उतरणं आलंच. बाकी वेळ खत, औषधं, मजूर, घरचं काय काय. आणि मळ्यापासून डांबरीपर्यंत दीड किलोमीटर पाणंद आहे, निव्वळ काळी माती, पावसाळ्यात लोणी होतं त्याचं. मागच्या ऑगस्टमध्ये तीनदा रुतलो, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून काढली आणि आता तो शेजारी माझं नाव दिसलं की फोनच उचलत नाही.

धाकटा भाऊ म्हणतो २३५च टाक. आण्णा म्हणतात कंपनीवाल्यांना अक्कल नव्हती का. मी मध्येच लटकलोय. कोणी टाकलेत का पिकअपला मोठे टायर, खरं काय ते सांगा.

रांगडा_एमएच१५

टाक बिनधास्त!! मी थारला टाकलेत दोन वर्षं झाली, काही प्रॉब्लेम नाही, रोड प्रेझेन्स बघ कसा येतो 🔥

कसारा_उतार

वरच्या भाऊंना रामराम, पण तुमची थार वाशीला टोमॅटोच्या साठ जाळ्या, म्हणजे क्रेट, घेऊन जात नाही ना भो. लोडची गाडी आणि फिरायची गाडी ह्यांचा टायर एका तराजूत तोलू नका.

लखमापूरवाले दादा, माझी सतरा वर्षं ह्याच लायनीत गेली, आधी पिकअप मग आयशर, आता परत स्वतःची पिकअप. २३५ मी स्वतः टाकून बघितलेत, आठ महिने चालवले आणि काढले. काय झालं ते सांगतो. आधी हिशोब बघा. २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, तिच्या पंच्याहत्तर टक्के म्हणजे १६१ मिलिमीटर आणि काहीतरी, ती झाली टायरची भिंत, ती दोनदा धरायची वर आणि खाली, आणि मधे १५ इंची रिम म्हणजे ३८१. सगळं मिळून ७०३ मिलिमीटर. तसंच २३५ चं काढलं तर ७३३. म्हणजे चाक ३० मिलिमीटरने मोठं, सव्वाचार टक्के. आणि गाडी वर किती उचलली जाते? त्याच्या निम्मी, १५ मिलिमीटर! दीड सेंटीमीटर! आपल्या करंगळीच्या जाडीएवढी उंची, तेवढ्यासाठी दहा हजार जास्त देतोय आपण.

आणि त्या दीड सेंटीमीटरचं मोल दुसरीकडे मोजावं लागतं. चाक मोठं झालं म्हणजे एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते, म्हणजे तुमचे सगळेच गिअर सव्वाचार टक्क्यांनी लांब झाले. सपाटीला रिकाम्या गाडीत ते जाणवत पण नाही, उलट बरं वाटतं, इंजिनचा आवाज कमी येतो. पण भरलेली गाडी चढावर उभी राहून परत उचलायची म्हटलं की क्लच जळाल्याचा वास. मी चैत्रात यात्रेच्या भंडाऱ्याचं सामान घेऊन नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चाललो होतो, गर्दीत दर वळणाला थांबा, परत उचला. पूर्वी जिथे पहिल्यात आरामात निघायची तिथे हाफ क्लच धरून धरून वर गेलो. क्लचप्लेट लवकर गेली ती त्यामुळेच असं छातीठोक नाही सांगत, पण गेली लवकर.

आता उतार. हे कोणी सांगत नाही. ब्रेकची ताकद तीच, ड्रम तेच, डिस्क तीच, पण चाक मोठं. रहाटाचं चाक मोठं असलं की मधला कणा हाताने धरून थांबवायला जड जातं का नाही, तसंच. रस्त्यावर मिळणारा ब्रेक तेवढ्याच टक्क्यांनी कमी. आणि दुसऱ्या गिअरला टाकून इंजिनावर गाडी रोखतो ना आपण कसाऱ्यात, ती रोखणूक पण तेवढीच ढिली. सव्वाचार टक्के ऐकायला काहीच नाही. पण तुमची द्राक्षाची गाडी रात्री दोन वाजता पुढच्या कंटेनरच्या मागे उतरत असते तेव्हा तुम्हाला कळेल की पायाला सवय एका ब्रेकची झालीये आणि गाडी दुसऱ्याच ठिकाणी थांबतीये.

आण्णांचं ऐका.

गणित_मास्तर

कसारा भाऊंचा हिशोब बरोबर आहे, त्यात एक भर. स्पीडोमीटर आणि किलोमीटर दोन्ही चाकाच्या फेऱ्यांवरच चालतात. २३५ टाकल्यावर काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी खरी ८३ च्या वर असेल. समृद्धीवर मालवाहू गाडीला मर्यादा ८० ची आहे, म्हणजे तुम्ही आपले साळसूदपणे ८० ला चाललात आणि कॅमेऱ्याला ८३ दिसले. कंपनीचे काटे मुळात थोडं जास्तच दाखवतात त्यामुळे बऱ्याचदा निभावून जातं, ते आपलं नशीब.

पण खरी गंमत ॲव्हरेजची. लोक म्हणतात मोठे टायर टाकले आणि ॲव्हरेज पडलं. थोडं खरंच पडतं, टायर जड आणि रुंद असतो, एटी नक्षीला लोळायला जास्त जोर लागतो. पण थोडं नुसतं दिसायला पडतं, कारण गाडी १०० किलोमीटर गेली तरी मीटर ९६ च मोजतं. आधी १२ देत असेल आणि खरं काहीच कमी झालं नसेल तरी तुमच्या वहीत साडेअकरा येणार. टायरवर खापर फोडायच्या आधी तेवढं गुणून घ्या.

रांगडा_एमएच१५

बापरे एवढं गणित 😂 मास्तर मी फक्त लुक म्हणालो होतो

हवा_पाणी_बॅलन्सिंग

माझं स्वतःचं टायरचं दुकान आहे, सिडकोकडे, नाव सांगत नाही म्हणजे जाहिरात वाटायला नको. धंदेवाल्याच्या नजरेने सांगतो, मोठा टायर विकला तर आम्हाला चार पैसे जास्तच सुटतात, तरी सांगतो.

साइजवर भांडण्याआधी टायरवरचे बाकीचे आकडे वाचा. साइजच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं. १०५ एस वगैरे. तो १०५ म्हणजे १०५ किलो नाही, तो लोड इंडेक्स आहे, त्याचा तक्ता असतो. १०० म्हणजे ८०० किलो एका टायरला, १०५ म्हणजे ९२५, १०६ म्हणजे ९५०, १०९ म्हणजे १०३०. पिकअपच्या टायरवर बऱ्याचदा १०६/१०३ असे दोन आकडे सापडतील, त्यातला पहिला एकेरी चाकाचा आणि दुसरा जोडचाकाचा. तुमचं चाक एकेरी, पहिला बघायचा.

आता मेख कुठे आहे ती बघा. २३५/७५ आर१५ एटी म्हणून बाजारात जो सरसकट मिळतो तो बहुतेक जीप, एसयूव्हीसाठी बनवलेला असतो, त्यावर १०५ असतो. आणि कंपनीने तुम्हाला दिलेला बारका २१५ हा एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा, आठ प्लायचा म्हणजे आठ थरांच्या ताकदीचा, त्याची भिंत कडक. दिसायला २३५ पैलवान पण वजन उचलायला २१५ भारी, असं होऊ शकतं! गिऱ्हाईक रुंदी बघतं आणि फसतं. माझ्याकडे एक जण बाहेरून टाकून आला होता, कांद्याच्या गोण्या भरून उन्हात गेला आणि टायरच्या भिंतीला हा एवढा फुगा. आतला धागा तुटलेला. नशीब घाटात नाही फुटला.

दुसरं रिम. रिमवर कुठेतरी आतून किंवा व्हॉल्व्हजवळ ५.५जे, ६जे असं लिहिलेलं असतं, ती रुंदी इंचात. २१५/७५ ला साडेपाच चालते. २३५/७५ ला कमीत कमी सहा पाहिजे. साडेपाचच्या रिमवर २३५ बसतो, बसवून पण देतात, पण टायर मधे फुगल्यासारखा होतो, मधली नक्षी आधी झिजते आणि वळणावर गाडी पोहल्यासारखी करते.

तिसरं स्टेपनी. चार २३५ आणि खाली लटकलेली जुनी २१५. मागचं पंक्चर झालं की एका ॲक्सलला एक चाक मोठं एक लहान, मग डिफरन्शिअल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा मधला गोळा, सरळ रस्त्यावर पण सारखं वळणात असल्यासारखं काम करतं, तापतं. म्हणजे टायर पाच घ्या, आणि आधी बघा तो स्टेपनीच्या जागेत जातो का.

एक काम करा, जुन्या टायरवरचा आकडा वाचून सांगा. आणि पिंपळगावला वजनकाट्यावर भरलेल्या गाडीची फक्त मागची चाकं प्लॅटफॉर्मवर घेऊन वजन करा. काटेवाला कुरकुर करेल, चहा पाजा.

लखमापूरचा_पिकअपवाला

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. हवा पाणीवाले दादा, आज टोमॅटो घेऊन गेलो तेव्हा मागची चाकं काट्यावर घेतली, काटेवाला खरंच कुरकुरला. गाडीत ७० जाळ्या होत्या. मागच्या ॲक्सलचं वजन आलं २०६० किलो. जुन्या टायरवर १०६/१०३ आहे. रिम ६जे आहे, ते पुसून बघितलं. दुकानातल्या २३५ चा फोटो होता मोबाइलमध्ये, त्यावर १०५ आहे.

हवा_पाणी_बॅलन्सिंग

मग उत्तर तुमच्याच हातात आहे की. २०६० भागिले दोन, एका टायरवर १०३०. दुकानातला २३५ उचलणार ९२५. शंभराच्या वर किलो जादा, प्रत्येक टायरला. तो टायर तुमच्या गाडीला नकोच, फुकट दिला तरी.

पण दादा राग मानू नका, तुमच्या कंपनीच्या टायरची पण ताकद ९५० च आहे. ७० जाळ्या त्यालाही जास्त होतायत. टोमॅटोची भरलेली जाळी २२ किलोच्या आसपास धरली तर ७० जाळ्या म्हणजे दीड टनाच्या वर, आणि गाडी १.३ टनाची. तुम्ही ६० भरल्या तर मागे साधारण दोनशे किलो कमी होतील, एका टायरवर ९३० वगैरे येईल. म्हणजे २१५ मध्ये बसतंय आणि त्या २३५ मध्ये तेव्हाही बसत नाही. बघा कंपनीवाल्यांनी किती काटेकोर मोजून दिलंय.

लखमापूरचा_पिकअपवाला

६० जाळ्यांमध्ये डिझेल आणि हमाली सुटत नाही दादा. भाव पडला की तर विचारूच नका, रस्त्यावर ओतायची वेळ येते. पण समजलं तुमचं म्हणणं.

कसारा_उतार

सुटत नाही हे सगळ्यांनाच माहितीये, आम्ही काय हवेत गाड्या चालवतो का. पण मग दीड टन भरायचंच असेल तर १.७ टनाची गाडी येते ना, तिचा टायर वेगळा, पाटे म्हणजे मागच्या स्प्रिंगा वेगळ्या. १.३ ला टायर बदलून १.७ ची करता येत नाही. पाटा वाढवणारे पण भेटतील तुला, पाटा वाढवला की गाडी बसत नाही म्हणून माणसाला वाटतं पेलतंय, आणि खाली टायर, बेअरिंग, हाउसिंग सगळं रडत असतं.

सह्याद्री_ऑन_व्हील्स

मी माल वाहत नाही, इसुझूची व्ही-क्रॉस आहे, शनिवार-रविवार त्र्यंबक, हरसूल, पेठ साइड, कधी सापुतारा. तरी लिहितो कारण मोठ्या टायरचा किडा मलाही चावला होता. कंपनीचा २५५/६० आर१८. मी आधी एकदम २६५/६५ वर गेलो, म्हणजे पाच टक्के मोठा. दिसायला कडक, फोटो छान आले, मग पूर्ण स्टिअरिंग कापलं की मागून मडफ्लॅपला खर्रर्र. मेकॅनिकने हीट गनने प्लॅस्टिक मागे ढकललं तर खड्ड्यात सस्पेन्शन दबल्यावर दुसरीकडे घासायला लागलं. आणि हायवेला असा घूं घूं आवाज की बायको म्हणाली विमानात बसल्यासारखं वाटतंय पण पोचत कुठेच नाहीये.

शेवटी विकले, २६५/६० टाकले. दीड टक्काच फरक, कुठे घासत नाही, काट्यात फरक कळत नाही. सगळीकडे सांगतात की तीन टक्क्यांच्या आत रहा, ते उगाच नाही. तुमचा २३५ त्या तीनच्या बाहेर जातो. आणि लक्षात घ्या, माझी गाडी फोर बाय फोर आहे, चिखलात मला जे चालतं त्याचं श्रेय टायरपेक्षा पुढच्या चाकांना जास्त आहे. तुमची मागून ढकलणारी.

पासिंगवाला

पेठ रोडच्या आरटीओला रोज असतो म्हणून सांगतो. तुमची गाडी ट्रान्सपोर्टमध्ये, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, नंतर दरवर्षी. खाजगी गाडीवाल्यांना हे चुकतं, तुम्हाला नाही. ट्रान्सपोर्ट गाडीच्या नोंदणीच्या फॉर्मात पुढच्या मागच्या ॲक्सलच्या टायरची संख्या आणि साइज लिहायचा रकाना असतो, आणि ॲक्सलनिहाय वजन पण. म्हणजे साइज बदलला तर कागदावर एक आणि गाडीवर एक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हेच सांगतं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करायचा नाही, आणि २०१९ ला सुप्रीम कोर्टाने पण त्यावर शिक्कामोर्तब केलंय. रोज कोणी टेप घेऊन टायर मोजत नाही हे खरं. पण ॲक्सिडेंट झाला की इन्शुरन्सवाला सर्व्हेअर पाठवतो, आणि त्याला मोजायलाच पगार मिळतो.

आणि गोटा टायरवर जास्त दिवस फिरू नका. चारचाकीला नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की नियमाने टायर बाद. २०२३ ला समृद्धीवर गुळगुळीत टायरच्या गाड्या एंट्रीलाच परत फिरवल्या होत्या.

निफाडचे_नाना

बाळा, सगळे टायरचं बोलून राहिले, चिखलाचं कोणी बोललं नाही. मी पाटबंधारेतून रिटायर, आता शेतीच.

तुझी गाडी रुतते ती उंचीमुळे नाही. तू कधी रुततो, रिकामी जाताना का भरलेली येताना ते आठव. माझी पैज आहे रिकामी जाताना. पिकअपचं सगळं वजन पुढे, इंजिन पुढे, माणूस पुढे, आणि ढकलायचं काम मागच्या चाकांचं, ती हलकी. काळ्या मातीत मागचं चाक जागेवर फिरतं, नक्षीत माती बसते, मग ती नक्षी राहत नाही, लिंपलेला रांजण होतो. त्यावर चाक रुंद केलं तर चिखलावर तरंगतं जास्त आणि खालच्या कडक थराला लागतं कमी. रेतीत रुंद चाक चांगलं, आपल्या मातीत अरुंद चाक खाली जाऊन धरतं. जुन्या बैलगाडीची धाव बघितलीस का, केवढी अरुंद असायची.

म्हणून साइज तोच ठेव, मागे लग नक्षीचे टाक, मोठ्या गोट्यांचे, मधे माती निघून जायला जागा असलेले. पुढे साधे रिब, म्हणजे सरळ रेघांच्या नक्षीचे, स्टिअरिंगला हलके आणि ओल्या डांबरीवर धरतात. रिकामं जाताना मागच्या फाळक्याला टेकून चार-पाच मातीच्या गोण्या टाक. आणि एकच चाक फिरत असलं तर हॅन्डब्रेक एक-दोन खटके ओढून हळू उचल, फिरणारं चाक अडतं आणि दुसऱ्याला ताकद जाते. कायम ओढून नको चालवू म्हणजे झालं. बारदानाची दोन पोती सीटमागे ठेव, चाकाखाली घालायला, ट्रॅक्टरपेक्षा स्वस्त.

आणि खरं औषध सांगू का, टायरमागे अडीच हजार वाचले म्हणजे चार टायरचे दहा हजार. त्याचा मुरूम आण आणि ती पाणंद जिथे दबते ना नेमकी, ते दोन-तीन ठिकाणं भर. शेजाऱ्याला पण सांग, निम्मे तो देईल. त्याचा पण ट्रॅक्टर जातोच की तिथून.

लखमापूरचा_पिकअपवाला

नाना पाया पडतो. तीनही वेळा रिकामीच होती! एकदा तर फक्त मी आणि औषधाचा पंप. हे डोक्यातच आलं नव्हतं.

एक शंका, हवेचं काय. एक जण म्हणाला चिखलात हवा कमी कर, पकड वाढते.

हवा_पाणी_बॅलन्सिंग

रिकाम्या गाडीत थोडी कमी करून निघालात तर फरक पडतो, पण मग मळ्यात जाळ्या भरून तशाच हवेवर डांबरीला लागायचं नाही. लोडखाली हवा कमी असली की भिंत सारखी दबते-उठते, आतून तापते, आणि टायर फुटतो तो नव्वद टक्के वेळा खिळ्याने नाही, ह्याच तापण्याने, निदान माझ्या दुकानात येणारे तरी. कंप्रेसर गाडीत ठेवणार असाल तरच हे उद्योग करा. दरवाजाजवळच्या स्टिकरवर रिकामी आणि भरलेली असे वेगवेगळे आकडे असतील ते पाळा, आणि हवा सकाळी थंड टायरला तपासा, घाट उतरून आल्यावर नाही, तेव्हा ती वाढलेलीच दिसते आणि माणूस उगाच सोडून देतो. रिकाम्या गाडीत मागे पूर्ण लोडची हवा ठेवली तर गाडी चेंडूसारखी उडते, द्राक्षाचे रिकामे क्रेट पण उड्या मारतात.

नवीन घेताना शेवटचे चार आकडे बघा बाजूवरचे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. नवाकोरा म्हणून तीन वर्षं गोडाउनात पडलेला माल ऑफरमध्ये खपवतात.

रांगडा_एमएच१५

नवीन टायरचा एवढा क्लास बघून मी माझ्या थारची स्टेपनी बघून आलो. जुन्याच साइजची निघाली. 🙈

कसारा_उतार

बघ. म्हणून म्हणत होतो भो.

लखमापूरचा_पिकअपवाला

अपडेट. पावसाचा जोर वाढायच्या आत काम उरकलं. २१५/७५ आर१५ एलटीच घेतले, १०६ वाले, मागे लग, पुढे रिब, तारीख बघून, पहिल्यांदा जो सेट काढला तो दोन वर्षं जुना होता, परत करायला लावला, दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. अलाइनमेंट केली. जुन्यातला पुढचा त्यातल्या त्यात बरा होता तो स्टेपनीला ठेवला, साइज तोच असल्यामुळे तो प्रश्नच मिटला. पाणंदीत तीन ब्रास मुरूम पडला, शेजाऱ्याने निम्मे दिले आणि वरून म्हणाला हे आधी का नाही सुचलं.

काल पहिला मोठा पाऊस झाला, रिकामी गाडी मागे पाच गोण्या टाकून आत नेली आणि बाहेर आणली. एका ठिकाणी मागून घसरली पण निघाली. जाळ्यांचं म्हणाल तर सध्या ६२ भरतो. भाव चढला की काय करीन सांगता येत नाही, खोटं कशाला बोलू. भाऊ अजून रुसलाय, त्याला म्हटलं मडफ्लॅपवर तुझं नाव लिहू लाल रंगात.

बाकी तीन जुने टायर घरी पडलेत, दुकानवाला एका टायरचे अगदीच फुटकळ देत होता म्हणून घेऊन आलो. कोणाला पाहिजेत का?

निफाडचे_नाना

कांद्याच्या चाळीवर कागद टाकलाय, वाऱ्याने उडतो. ठेव माझ्यासाठी, बुधवारी वणीकडे यायचंच आहे.

लखमापूरचा_पिकअपवाला

या नाना, जेवूनच जा. फाट्यावर आलात की फोन करा, पाणंदीतून गाडी येते आता.